वाचक विचारतात : चेतापेशीचा एकच तंतू लांब का होतो?

गेल्या अंकात मेंदू आणि मेरुरज्जू यांच्या रचनेवरचा लेख प्रसिद्ध झाल्यापासून बडोद्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे येत आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : चेतापेशीची वाढ आणि तिचा आकार कोण ठरवते? म्हणून या महिन्याचे सदर त्याच विषयाला दिले आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एवढे सांगून ठेवतो की, या विषयात संदेश देणारे प्रथिन कोणते आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पेशीच्या नेमक्या कोणत्या टोकाला पोहोचले हेही महत्त्वाचे असते. वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून याचा दुसरा अर्धा भाग नेहमी गळतो, आणि गैरसमज तिथेच होतात.

कारेलीबागेतून एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी विचारतात : पाठ्यपुस्तकातल्या चित्रात चेतापेशीला संदेश घेणाऱ्या पुष्कळ आखूड वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा एकच लांब अक्षतंतू दाखवलेला असतो. सगळे फाटे एकाच पेशीतून निघत असताना त्यांपैकी अक्षतंतू कोणी व्हायचे हे कसे ठरते?

ते चित्र पूर्ण वाढलेल्या पेशीचे असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र पेशीच्या पहिल्या दीड दिवसात दडलेले आहे. कार्लोस डॉटी, गॅरी बँकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या काळाचे जे बारकाईचे वर्णन केले, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्यांनी रॅट जातीच्या उंदराच्या अठरा दिवसांच्या गर्भातून मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील पेशी सुट्या केल्या आणि काचेवर वाढवल्या. काचेला चिकटलेली पेशी प्रथम गोल असते आणि तिच्या कडेने एक पातळ, थरथरणारी झालर दिसते. साधारण अर्ध्या दिवसात त्या झालरीतून चार-पाच आखूड फाटे निघतात, जे लांबीने आणि रूपाने जवळजवळ सारखेच असतात. प्रत्येकाच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो, त्याला वृद्धिशंकू म्हणतात. हे फाटे थोडे पुढे सरतात, थोडे मागे येतात, आणि कितीतरी तास त्यांत कोणी मोठा, कोणी धाकटा असे काहीच नसते. मग त्यांपैकी एक एकाएकी इतरांच्या कितीतरी पट वेगाने वाढू लागतो आणि बाकीचे जागच्या जागी थबकतात. पुढे निघालेला तो अक्षतंतू होय. थबकलेल्यांना वृक्षिकांचे रूप येऊ लागायला आणखी दोन-तीन दिवस जावे लागतात.

म्हणजे निवड आधीपासून ठरलेली नसते. याचा पुरावा त्याच प्रयोगशाळेतून आला. वाढू लागलेला अक्षतंतू पेशीच्या अगदी जवळ कापला, तर पूर्वी मागे राहिलेल्या एखाद्या फाट्यालाही अक्षतंतू होता येते. परंतु कापल्यावर उरलेला बुंधा इतरांपेक्षा सुमारे १० मायक्रोमीटरने जरी लांब राहिला, तरी बहुतेक वेळा तोच पुन्हा अक्षतंतू होतो. दहा मायक्रोमीटर ही लांबी डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी आहे. एवढ्याशा फरकावर पेशीचे सारे भवितव्य फिरते, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

हा लहानसा फरक मोठा कसा होतो, हे काम संदेशवाहक प्रथिनांचे आहे. एखाद्या टोकाला बाहेरून वाढीचा संदेश थोडा जास्त मिळाला की, तेथील पटलावर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावर, पीआय-३ कायनेज नावाचे एन्झाइम जागे होते. त्यामुळे एकेटी हे प्रथिन कामाला लागते, आणि एकेटी जीएसके-३ बीटा या एन्झाइमला गप्प करते. जीएसके-३ बीटा चालू असताना ते सीआरएमपी-२ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून त्याला निकामी ठेवते. ते गप्प झाले की, सीआरएमपी-२ मोकळे होते आणि ट्यूब्युलिन या प्रथिनाचे तुकडे धरून सूक्ष्मनलिका बांधण्यास मदत करते. सूक्ष्मनलिका म्हणजे तंतूचा कणाही आणि मालवाहतुकीचा मार्गही. कणा पुढे सरकला की, त्याच मार्गाने पटलाचे, प्रथिनांचे आणि ग्राहींचे (संदेश पकडणाऱ्या प्रथिनांचे) आणखी सामान त्या टोकाला येते, त्यामुळे संदेश अधिक जोराने पकडला जातो आणि चक्र आणखी वेगाने फिरते. जपानमध्ये कोझो काइबुची यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले की, पेशीत सीआरएमपी-२ चे प्रमाण वाढवले, तर तिला एकाऐवजी अनेक अक्षतंतू फुटतात. जीएसके-३ बीटा रोखणाऱ्या द्रव्यांनीही तेच घडते. सूक्ष्मनलिका स्थिर करणारे टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध अत्यल्प प्रमाणात दिले तरी पेशीला एकाहून अधिक अक्षतंतू येतात, हे २००८ मध्ये दिसून आले.

कण्याइतकेच महत्त्व टोकाच्या मोकळेपणाला आहे. वृद्धिशंकूत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे दाट जाळे असते आणि ते सूक्ष्मनलिकांची वाट अडवते. भावी अक्षतंतूच्या टोकाला हे जाळे सैल आणि चंचल असते. फ्रँक ब्राडके आणि डॉटी यांनी १९९९ मध्ये एकाच फाट्याच्या टोकाशी अ‍ॅक्टिन विस्कटणारे द्रव्य सोडले आणि नेमका तोच फाटा अक्षतंतू झाला. आरएसी आणि सीडीसी-४२ ही छोटी प्रथिने टोकाला पुढे ढकलतात, तर आरएचओ हे प्रथिन आकुंचन घडवून त्याला मागे खेचते.

परंतु एवढ्यावर आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही, कारण नुसते वाढवणारे चक्र असते तर सगळीच टोके पळत सुटली असती. वडाच्या पुष्कळ पारंब्या लोंबत असतात आणि जमिनीला टेकलेली पारंबीच पुढे खोडासारखी जाड होते, पण वडाला असे अनेक आधार चालतात. चेतापेशीला एकच चालतो. म्हणून जिंकणाऱ्या फाट्याकडून इतरांना थांबवणारा संदेशही जावा लागतो. २०१७ मध्ये काइबुची यांच्याच गटाने असा एक संदेश दाखवला : वाढत्या टोकापासून कॅल्शियमची लाट पेशीच्या मुख्य भागाकडे येते आणि तिच्यामुळे उरलेल्या फाट्यांत आरएचओ जागे होऊन त्यांना मागे धरते. मू-मिंग पू यांच्या गटाने त्याआधी दाखवले होते की, एका फाट्यात चक्रीय एएमपी हा रेणू वाढला की इतर फाट्यांत तो कमी होतो. एकाच संदेशाचा परिणाम इथे जवळ वाढीचा आणि दूर अटकावाचा असतो.

काचेवरचा हा निवाडा बराचसा योगायोगावर सोडलेला असतो, जिवंत मेंदूत तसे नसते. तिथे पेशीच्या एका बाजूला एक द्रव्य अधिक असते, दुसऱ्या बाजूला दुसरे. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सेमाफोरिन-३ए हे प्रथिन पृष्ठभागाकडे जास्त असते. ते अक्षतंतूला परतवते आणि वृक्षिकेला आपल्याकडे ओढते. बीडीएनएफ हे वाढीचे प्रथिन चक्रीय एएमपीच्या वाटेने एलकेबी-१ नावाच्या एन्झाइमला जागे करते. २००७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एलकेबी-१ ची ही भूमिका दाखवली. ज्या उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकातून हे एक प्रथिन काढून टाकले होते, त्यांच्या चेतापेशी आपापल्या जागी पोहोचल्या, पण त्यांना अक्षतंतू आले नाहीत.

आपण एम.एस्सी. करीत आहात, म्हणून एक सावधगिरीचे बोलणे. पुस्तकातील बाणांच्या आकृत्या सर्व प्राण्यांना सारख्याच लागू समजू नयेत. पार-३ आणि पार-६ ही प्रथिने प्रथम एका सूक्ष्म गोलकृमीच्या अंड्याच्या विषम विभाजनात सापडली आणि नंतर उंदराच्या चेतापेशीतही अक्षतंतू ठरवण्यासाठी आवश्यक आढळली. मात्र २००४ मध्ये फळमाशीत हीच प्रथिने नसतानाही अक्षतंतू आणि वृक्षिका नीट तयार होतात, असे दिसले. परीक्षेत आकृती जरूर काढावी, पण ती कोणत्या प्राण्याच्या कोणत्या पेशीवरून आली आहे, हे तिच्याखाली लिहिण्याची सवय आपण लावून घ्यावी.

दांडिया बाजारातील एक निवृत्त शिक्षक लिहितात : चेतातंतू एखाद्या द्रव्यामुळे वाढतात, हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले? तंतू आपोआप वाढत नसेल कशावरून?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यावर मोठा वादही झाला होता. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भातील मेरुरज्जूच्या रंगवलेल्या कापांत वाढत्या तंतूचे शंकूसारखे टोक पाहिले. समोर मृत पेशींचे स्थिर चित्र असतानाही, हे टोक जिवंतपणी वाट काढत पुढे जात असले पाहिजे आणि त्याला कुठले तरी रासायनिक आकर्षण दिशा देत असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. प्रत्यक्ष हालचाल अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये दाखवली. बेडकाच्या गर्भातील चेतानलिकेचा तुकडा त्यांनी गोठलेल्या लसिकेच्या लोंबत्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू बाहेर पडून लांब होताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शरीराबाहेर ऊती जिवंत ठेवून वाढवण्याच्या साऱ्या तंत्राची सुरुवात या प्रयोगाने झाली, असे मानतात.

आकर्षण करणारे द्रव्य हाती लागायला आणखी निम्मे शतक जावे लागले, आणि ती कथा रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांची आहे. त्या इटलीतील तूरिनच्या, जन्म १९०९ चा. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये वंशभेदी कायदे केले, तेव्हा ज्यू असल्यामुळे त्यांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले. त्यांनी घरात, स्वतःच्या निजण्याच्या खोलीत, प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम चालू ठेवले. युद्ध संपल्यावर व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी त्यांना अमेरिकेत सेंट लुइस येथे बोलावून घेतले.

१९४८ मध्ये हॅम्बर्गर यांच्याच एका विद्यार्थ्याने, एल्मर ब्यूकर यांनी, उंदराच्या कर्करोगाची गाठ कोंबडीच्या गर्भावर लावली, तेव्हा गर्भाचे चेतातंतू त्या गाठीत घुसले होते. लेव्ही-मोंताल्चिनी यांनी तो प्रयोग पुन्हा केला. तंतू गाठीत तर शिरत होतेच, पण गर्भाच्या ज्या अवयवांत त्या वयात ते नसतात तिथेही पोहोचत होते, इतकेच नव्हे तर रक्तवाहिन्यांच्या आतही शिरत होते. मग त्यांनी गाठ अंड्याच्या बाहेरच्या आवरणावर ठेवली. तिचा गर्भाशी थेट स्पर्श नव्हता, फक्त रक्ताभिसरण सामाईक होते. परिणाम तोच झाला. म्हणजे गाठीतून काहीतरी विरघळून येत होते. आपल्या 'कशावरून' या प्रश्नाचे उत्तर या एका प्रयोगात आहे, असे मी मानतो.

१९५२ मध्ये लेव्ही-मोंताल्चिनी गाठ असलेले उंदीर बरोबर घेऊन विमानाने ब्राझीलमधील रिओ द जानेरोला गेल्या. तेथे हर्टा मेयर यांची ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा होती. गाठीचा तुकडा चेतापेशींच्या गुच्छाजवळ ठेवल्यावर एका दिवसात त्या गुच्छाभोवती तंतूंचे प्रभामंडळ उभे राहिले. आता शोध घेण्यास एक जलद कसोटी मिळाली. पुढील वर्षी सेंट लुइसमध्ये स्टॅनली कोहेन हे जीवरसायनज्ञ त्यांना येऊन मिळाले. अर्कातील प्रभावी भाग न्यूक्लिइक आम्लाचा आहे की प्रथिनाचा, हे तपासण्यासाठी कोहेन यांनी त्यात सापाचे विष घातले, कारण त्या विषातील एन्झाइम न्यूक्लिइक आम्ल तोडते. परिणाम नाहीसा होण्याऐवजी कितीतरी वाढला, कारण विषातच ते प्रथिन गाठीपेक्षा पुष्कळ अधिक होते. सापाच्या विषग्रंथी या लाळग्रंथींच्या जातीच्या, या विचाराने त्यांनी नर उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथी तपासल्या आणि तिथे तर भांडारच सापडले. या प्रथिनाला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, संक्षेपाने एनजीएफ, म्हणतात. त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये नवजात उंदरांना टोचल्यावर त्यांच्या अनुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे हृदय, घाम यांसारख्या आपोआप चालणाऱ्या क्रियांवर ताबा ठेवणाऱ्या, पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. म्हणजे हे द्रव्य पेशींना वाढवते तसेच जगवतेही, हे सिद्ध झाले. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेला १९७७ चे एक पुढचे पान आहे. रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी तीन कप्प्यांची एक ताटली बनवली. मधल्या कप्प्यात पेशी, आणि बाजूच्या दोन कप्प्यांत भिंतीखालून जाणारे त्यांचे तंतू. ज्या कप्प्यात एनजीएफ होते तिथेच तंतू शिरले, आणि एका बाजूचे एनजीएफ काढून घेतल्यावर फक्त त्या बाजूच्या फांद्या वाळल्या. वाढ स्थानिक असते, ती अशी. जगण्याचा संदेश मात्र दूरवर जातो : टोकाला एनजीएफ आपल्या टीआरके-ए या ग्राहीला चिकटते, ती जोडी पेशी गिळून घेते, आणि सूक्ष्मनलिकांच्या मार्गाने ती पार पेशीच्या मुख्य भागापर्यंत पोहोचवली जाते.

मांडवीजवळील एक दुकानदार कळवतात : उत्तरायणात मांज्याने माझे बोट मुळाशी खोल कापले. डॉक्टरांनी मज्जातंतू शिवला, पण बोटाचे टोक अजून बधिर आहे. ते म्हणतात की थांबा, वेळ लागतो. इतका वेळ का? आणि बोटाचा तंतू जुळतो, तर पाठीच्या कण्यातला का जुळत नाही?

आपल्या डॉक्टरांनी योग्यच सांगितले आहे. शिवले जाते ते तंतूंच्या जुडग्याचे बाहेरचे आवरण. आतील अक्षतंतू टाक्याने जुळत नाहीत. कापलेल्या जागेपुढचा त्यांचा भाग मरतो आणि पेशीकडच्या टोकापासून नवा वृद्धिशंकू निघून सारी वाट पुन्हा चालावी लागते. माणसात हा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर धरतात, आणि सुरुवातीला तयारीचे काही आठवडे वेगळे लागतात. बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत सात-आठ सेंटिमीटर मोजले, तर हिशेब तीन-चार महिन्यांवर जातो, आणि स्पर्शाची बारीक जाण येण्यास त्याहून अधिक काळ लागू शकतो. तंतू किती पुढे आला हे तपासण्याची एक पद्धत १९१५ पासून माहीत आहे : तंतूच्या वाटेवर बोटाने हलकेच टिचकी मारत गेले की, वाढते टोक जिथे असेल तिथे मुंग्या येतात. पुढच्या तपासणीत डॉक्टर ती करून दाखवतील. तोवर त्या बोटाला तवा, इस्त्री, गरम कप यांपासून जपावे, कारण भाजलेले आपल्याला कळणार नाही.

ही वाट चालता येते याचे श्रेय श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्वान पेशींना आहे. हातापायांच्या तंतूंभोवती त्यांचेच वेष्टन असते. तंतू कापला गेला की त्या जुने वेष्टन टाकून देतात, रांगेने उभ्या राहून पोकळ वाट तयार करतात, आणि एनजीएफ, बीडीएनएफ यांसारखी प्रथिने स्वतः बनवून त्या वाटेवर सोडू लागतात. टाका ज्या काळजीने घालावा लागतो, तो यासाठीच की टोकाला ही वाट सापडावी.

मेरुरज्जूत श्वान पेशी नसतात. तेथील वेष्टन दुसऱ्या पेशी घालतात, आणि त्यात मार्टिन श्वाब यांनी शोधलेले नोगो हे प्रथिन आणि त्याचे काही सोबती असतात. वृद्धिशंकूने त्यांना स्पर्श केला की आरएचओ जागे होते आणि पंजा मिटतो. पहिल्या उत्तरात फाट्यांना मागे धरणारे आरएचओ ते हेच. पी-७५ नावाचा जो ग्राही एनजीएफला ओळखतो, तोच इथे नोगोच्या ग्राहीशी जोडी करून थांबण्याचा संदेश आत पोहोचवतो. शिवाय जखमेच्या जागी व्रणाची भिंतही उभी राहते. पण मेरुरज्जूच्या पेशींची वाढण्याची क्षमता मुळातच संपलेली असते, असे मात्र नाही. कॅनडात सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये रॅटच्या मेरुरज्जूला पायातील चेतातंतूच्या जुडग्याचा पूल जोडला, तेव्हा त्याच पेशींचे तंतू त्या पुलातून काही सेंटिमीटर वाढत गेले, आणि पुलाच्या पलीकडे पुन्हा मेरुरज्जूत शिरताच लवकरच थांबले. पेशी तीच होती, परिसर बदलला होता. या अटकावाला दूर करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

रावपुऱ्यातून एक मधुमेही वाचक विचारतात : माझ्या तळपायांना मुंग्या येतात आणि रात्री जळजळ होते. मज्जातंतू वाढवणारे प्रथिन सापडले आहे, तर त्याचे इंजेक्शन का देत नाहीत?

आपला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. मधुमेहातील तंतुविकारावर एनजीएफची इंजेक्शने देऊन केलेल्या लहान चाचण्यांत आशा वाटली होती. त्यानंतर १,०१९ रुग्णांवर ४८ आठवडे चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष २००० मध्ये आला, त्यात औषध नसलेल्या इंजेक्शनापेक्षा त्याचा ठरवलेल्या मुख्य कसोटीवर काही लाभ दिसला नाही. टोचल्या जागी दुखणे मात्र पुष्कळांना झाले. त्याचे कारण असे की, प्रौढ वयात एनजीएफ हे वेदनेच्या तंतूंना तिखट करणारे प्रथिन असते. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की, ज्या मुलांना जन्मतः वेदनाच होत नाही आणि घाम येत नाही, अशा एका विकारात टीआरके-ए या ग्राहीचे जनुक बिघडलेले असते. गर्भावस्थेत संदेश न मिळाल्यामुळे त्यांचे वेदनेचे तंतू तयारच झालेले नसतात. हे ऐकायला सुखाचे वाटले तरी अशा मुलांची जीभ, बोटे, सांधे सतत जखमी होत राहतात.

कातडीखाली टोचलेले प्रथिन रक्तातून सगळीकडे थोडे थोडे पसरते, आणि जिथे हवे तिथे ते पुरेसे साचत नाही. जिथे ते नेमके पोहोचवता येते, तिथे त्याचा उपयोग झालेला आहे. डोळ्याच्या पारदर्शक पटलाची संवेदना गेल्यामुळे तिथे न भरणारी जखम होते, त्या विकारावर एनजीएफचे थेंब युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. तळपायांसाठी असा मार्ग आज नाही. साखर आटोक्यात ठेवणे, रोज रात्री तळवे उजेडात नीट पाहणे, अनवाणी न चालणे, आणि जळजळीसाठी डॉक्टरांकडून औषध घेणे, एवढे आपल्या हाती आहे. जळजळ सहन करत बसू नये. तिच्यावर चांगली औषधे आहेत.

प्रतापनगरमधील एक पालक : कमाटीबागेतील संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहून मुलाने विचारले की, एवढ्या मोठ्या शरीरात तंतू कसे पोहोचत असतील?

मुलाने जे विचारले, ते शास्त्रज्ञांनाही विचारावेसे वाटले होते. वृद्धिशंकू वाट काढतो तो गर्भ लहान असतानाच, म्हणजे अंतर मिलिमीटरांत किंवा सेंटिमीटरांत असताना. एकदा टोक स्नायूला किंवा कातडीला चिकटले की, नंतर शरीर वाढेल तसा तंतू ताणला जातो आणि त्या ताणाच्या प्रतिसादात मधल्या भागात नवे सामान भरत जाऊन तो लांब होतो. प्रयोगशाळेत जोडलेले तंतू हळूहळू ताणून दिवसाला सुमारे ८ मिलिमीटर इतक्या वेगाने वाढवता आले आहेत, आणि ते तुटले नाहीत, बारीकही झाले नाहीत. माणसाच्या कमरेपासून पावलापर्यंत जाणारे सुमारे मीटरभर लांबीचे तंतूही बहुतांशी असेच लांब होतात.

मांजलपूरहून एक आजी : नातवाच्या बुद्धीसाठी बीडीएनएफ वाढवणारी पूड मिळते म्हणतात. द्यावी का?

देऊ नये. बीडीएनएफ हे १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे केलेले प्रथिन आहे, आणि तोंडावाटे घेतलेले प्रथिन डाळीतल्या प्रथिनासारखेच पचून जाते. रक्तात टोचले तरी त्यातील फारच थोडे मेंदूत शिरते. पुडीत दुसरे काही असून ते मेंदूला बीडीएनएफ बनवायला लावते, असा दावा असेल, तर मुलांवर केलेल्या चाचणीचा पुरावा विक्रेत्याकडे मागावा. व्यायामाबद्दल मात्र पुरावा आहे. चाकावर धावणाऱ्या रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफचा जनुकीय संदेश वाढतो, हे १९९५ मध्ये दिसले. २०११ मध्ये १२० वयस्कर व्यक्तींच्या अभ्यासात वर्षभर नियमित जलद चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. नंतरच्या सर्व अभ्यासांत इतका परिणाम दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. आजी, नातवाला मैदानावर पाठवा आणि स्वतःही सकाळी फिरायला जात जा. पुडीचे पैसे वाचतील.

फतेहगंज येथील बी.एस्सी.चे विद्यार्थी : अक्षतंतू आणि वृक्षिका यांतला फरक कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकात दिसू शकेल का?

दिसू शकेल, फक्त स्लाइड योग्य निवडावी लागेल. मेरुरज्जूच्या आडव्या कापाची, क्रेसिल व्हायोलेटने किंवा टोल्युइडिन ब्लूने रंगवलेली स्लाइड मागून घ्यावी आणि करड्या भागाच्या पुढच्या शिंगातील मोठ्या पेशींवर नजर लावावी. ४० च्या भिंगाखाली पेशीत गडद जांभळे-निळे ठिपके दिसतील. हे निस्सलचे कण, म्हणजे प्रथिने बनवण्याची यंत्रणा. ते वृक्षिकांच्या बुंध्यात काही अंतरापर्यंत शिरलेले दिसतात. पेशीच्या कडेला एखादी फिकट, कणरहित, त्रिकोणी जागा सापडली, तर अक्षतंतू तिथून निघतो. प्रत्येक पेशीत ती दिसणार नाही, कारण कापाच्या पातळीत ती येईलच असे नसते. म्हणून धीराने बऱ्याच पेशी पाहाव्यात, आणि सापडल्यावर प्रथम पेन्सिलीने चित्र काढून मगच फोटो घ्यावा.